अंबर : खुशबूचा आणि माणसांचा इतिहास

गेल्या काही वर्षांत मराठी वर्तमानपत्रांत एक बातमी वारंवार वाचायला मिळते. व्हेल माशाची कोट्यवधी रुपयांची उलटी जप्त झाली आणि अमुक इतके जण पकडले गेले, अशी ती बातमी असते. कधी ती मुंबईची असते, कधी ठाण्याची, कधी रत्नागिरी-सिंधुदुर्गाची. आमच्या पालघर, बोईसर, तारापूर पट्ट्यात चहाच्या टपरीवर ती मोठ्याने वाचली जाते. समुद्र इथून हाकेच्या अंतरावर, त्यामुळे ऐकणाऱ्याचे डोळे थोडे चमकतात. एक गोळा सापडला की जन्माचे दारिद्र्य फिटले, असा हिशेब मनातल्या मनात मांडला जातो.

बातमीत ज्याला 'उलटी' म्हणतात त्याचे खरे नाव अंबर. हे नाव आपल्या घरात नवे नाही. मुलीचे नाव अंबरीन ठेवले जाते. हकीमसाहेब खमीरा गावजबान अंबरी लिहून देतात. ईदच्या आदल्या रात्री अत्तरवाल्याकडे 'शमामतुल अंबर'ची कुपी मागितली जाते. शब्द ओठांवर आहे, पण त्यामागचा इतिहास मात्र आपण विसरलो आहोत. हा इतिहास केवळ सुगंधाचा नाही. व्यापाराचा आहे, इल्मचा आहे आणि ज्यांना विकले गेले त्या माणसांचाही आहे. त्यातला एक धागा तर थेट आपल्या चिंचणी-तारापूरपर्यंत येतो.

नावाचा घोळ

आधी शब्द नीट समजून घेऊ. संस्कृतातला 'अंबर' म्हणजे आकाश किंवा वस्त्र. पीतांबर, दिगंबर या शब्दांत तो आहे. सुगंधी अंबर हा अरबी शब्द, मुळात 'अन्बर'. तो अरबीतून फारसीत आणि उर्दूत आला, तसाच युरोपात गेला. तिथे बाल्टिक समुद्राकाठी सापडणाऱ्या पिवळ्या राळेलाही लोक तेच नाव देऊ लागले. ही राळ म्हणजे आपला कहरुबा, ज्याच्या तसबीहचे मणी बनतात. दोन्ही वस्तू किनाऱ्यावर सापडणाऱ्या, दोन्ही महाग, म्हणून हा गोंधळ झाला. शेवटी फ्रेंचांनी एकीला 'पिवळा अंबर' आणि दुसरीला 'करडा अंबर' म्हणायला सुरुवात केली. त्या करड्या अंबरवरून इंग्रजीतला 'अँबरग्रीस' शब्द तयार झाला.

अंबर तयार होतो स्पर्म व्हेल या दातवाल्या देवमाशाच्या आतड्यात. हा प्राणी खोल समुद्रातले माकूळ खाऊन जगतो. माकुळाची पोपटासारखी टणक चोच पचत नाही. बहुतेक चोची तो ओकून टाकतो. काही मात्र आतड्यात जातात आणि तिथे टोचतात. त्यांच्याभोवती मेणासारखा पदार्थ साचत जातो आणि गोळा बनतो. शंभरातल्या एखाद्याच देवमाशात असा गोळा आढळतो. तो विष्ठेवाटे बाहेर पडतो किंवा प्राणी मेल्यावर मोकळा होतो, असे आजचे शास्त्रज्ञ मानतात. म्हणजे वर्तमानपत्रांची 'उलटी' बहुधा उलटी नसतेच.

ताजा गोळा काळा, मऊ आणि दुर्गंधीयुक्त असतो. पाण्यापेक्षा हलका असल्यामुळे तो तरंगत राहतो. ऊन, खारे पाणी आणि हवा त्याच्यावर वर्षानुवर्षे काम करतात. रंग काळ्याचा तपकिरी, मग करडा आणि शेवटी पांढरट होतो. शेणासारखा वास जाऊन त्या जागी समुद्र, जुने लाकूड आणि तंबाखू यांची आठवण करून देणारा गोडसर वास येतो. समुद्रानेच अनेक वर्षे शिजवलेली ही खुशबू आहे.

उपाशी तुकडी आणि किनाऱ्यावरचा मासा

इस्लामी परंपरेत अंबर हे नाव प्रथम सुगंध म्हणून नव्हे, तर भुकेच्या प्रसंगी भेटते. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही हदीससंग्रहांत हजरत जाबिर बिन अब्दुल्लाह (रजि.) यांनी सांगितलेला प्रसंग आहे. हजरत अबू उबैदा (रजि.) यांच्या नेतृत्वाखाली तीनशे जणांची तुकडी समुद्रकिनाऱ्याकडे निघाली होती. शिधा संपत आला. दिवसाला माणशी एक खजूर वाट्याला येऊ लागली. पुढे झाडांची पाने झोडून खाण्याची वेळ आली. अशा वेळी समुद्राने एक प्रचंड मासा किनाऱ्यावर आणून टाकला. त्याचे नाव 'अन्बर'. तुकडीने कित्येक दिवस त्यावर गुजराण केली. त्याची बरगडी उभी केली तर खालून उंटस्वार निघून जाई. मदीनेला परतल्यावर प्रेषित हजरत मुहम्मद (स.) यांनी तो अल्लाहने दिलेला रिज्क असल्याचे सांगितले आणि उरलेल्यातला तुकडा स्वतःही खाल्ला.

पुढे फिकहच्या विद्वानांपुढे प्रश्न आला की किनाऱ्यावर सापडलेल्या अंबरवर खुम्स, म्हणजे पाचवा हिस्सा, द्यायचा का? हजरत इब्ने अब्बास (रजि.) यांचे मत होते की हा जमिनीत पुरलेला खजिना नव्हे, समुद्राने बाहेर टाकलेली वस्तू आहे, म्हणून त्यावर खुम्स नाही. हसन बसरी यांचे मत उलट होते. हनफी परंपरेतही इमाम अबू यूसुफ यांनी पाचवा हिस्सा सांगितला, तर इमाम अबू हनीफा यांनी तो मानला नाही. आपल्या कोकणी मुसलमानांचे इमाम शाफई यांनी 'किताबुल उम्म'मध्ये अंबरची चर्चा केली आहे. विश्वासू लोकांकडून ऐकल्याच्या आधारे ते त्याला समुद्रात उगवणारी वनस्पती मानतात. ती वनस्पती म्हणून पाक आहे, अशी ही मांडणी आहे. आज आपल्याला ठाऊक आहे की अंबर वनस्पती नाही. पण या चर्चेतून एक गोष्ट कळते. वस्तू कुठून आली हे विचारल्याशिवाय ती वापरायची नाही, ही त्या लोकांची सवय होती.

चिंचणीचा ताम्रपट

इसवी सन ८५१ च्या सुमारास अरबी खलाशी आणि व्यापाऱ्यांची चीन-हिंदविषयक माहिती एका ग्रंथात संकलित झाली. त्यात निकोबार बेटांवरचे लोक होड्यांतून गलबतांजवळ येत आणि अंबर व नारळ देऊन लोखंड घेत, असे वर्णन आहे. अंबरच्या या व्यापारवाटा अरबी समुद्रभर पसरल्या होत्या. आफ्रिकेचा झंज किनारा, येमेनजवळचे शिहर, सोकोत्रा, मालदीव या ठिकाणी अंबर मिळे. बगदाद आणि बसरा इथे तो विकला जाई. या वाटेवरची हिंदी बंदरे अरबांना चांगली परिचित होती. त्यांचे 'सूबारा' म्हणजे आपले सोपारा, 'ताना' म्हणजे ठाणे, 'सैमूर' म्हणजे चौल आणि 'सिंदान' म्हणजे संजाण.

इतिहासकार मसऊदी हिजरी ३०४ मध्ये, म्हणजे इसवी सन ९१६ च्या आसपास, स्वतः चौलला आला होता. तिथे दहा हजारांच्या घरात मुसलमान राहत असल्याचे त्याने नोंदवले आहे. हा मुलूख राष्ट्रकूट राजांचा, ज्यांना अरब 'बल्हरा' म्हणत. याच मसऊदीने शिहरच्या किनाऱ्यावरची एक सुंदर गोष्ट लिहून ठेवली आहे. तिथले महरा टोळीचे लोक शिकवून तयार केलेल्या उंटांवर बसून रात्री किनाऱ्याने फिरत. वाळूत अंबर दिसला की उंट गुडघे टेकून बसे आणि स्वार उतरून तो उचलून घेई.

मसऊदीच्या भेटीनंतर साधारण दहा वर्षांनी, शके ८४८ म्हणजे इसवी सन ९२६ मध्ये, आपल्या परिसरात एक ताम्रपट कोरला गेला. तो सापडला तारापूरच्या शेजारच्या चिंचणी गावात. पुरालेखतज्ज्ञ दिनेशचंद्र सरकार यांनी तो वाचून 'एपिग्राफिया इंडिका'मध्ये प्रसिद्ध केला. राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याच्या काळातला हा लेख आहे. त्यानुसार संयान मंडलाचा, म्हणजे संजाण परिसराचा, कारभार एका 'ताजिक' अधिकाऱ्याकडे होता. ताजिक म्हणजे अरब. त्याचे नाव 'मधुमती'. हे 'मुहम्मद' या नावाचे संस्कृत रूप आहे. सुगतिप हे त्याचे दुसरे नाव. राजा दुसरा कृष्ण याने त्याला नेमले होते. त्याने आसपासच्या बंदरांचे प्रमुख जिंकून राजाच्या अधिकाराखाली आणले. दोन नद्यांवर त्याने लोकांसाठी फुकट नावा ठेवल्या. संजाणला अन्नछत्र घातले, जिथे भात, कालवण आणि तूप मिळे. आणि एका ब्राह्मणाने बांधलेल्या देवीच्या मठिकेसाठी जमीन देण्याचे कामही त्याच्याच कारभारात झाले.

या ताम्रपटात अंबरचा उल्लेख नाही. पण अंबर, कापूर, ऊद आणि चंदन ज्या गलबतांतून जात होते, ती गलबते ज्या बंदरांत थांबत, त्या बंदरांची व्यवस्था कशी होती हे त्यातून दिसते. आपण या किनाऱ्यावर कधी आणि कसे आलो, हा प्रश्न आपल्याला अनेकदा विचारला जातो, कधी कुतूहलाने तर कधी टोमणा म्हणून. त्याचे एक उत्तर चिंचणीच्या तांब्यावर कोरलेले आहे. इथे व्यापार होता, राजाची चाकरी होती, नदीवर फुकट नाव होती आणि भुकेल्याला भात होता.

मेण, झरा की माती?

अंबर नेमका काय आहे, याविषयी हजार वर्षे वाद चालला. इब्ने सीना यांच्या मते तो समुद्रतळाच्या झऱ्यातून येतो. अकबराचा वजीर अबुल फजल याने 'आईन-ए-अकबरी'त खुशबूखान्यावर स्वतंत्र प्रकरण लिहिले. त्यात तो सगळी मते एकामागून एक मांडतो. कोणी म्हणतो समुद्राचा फेस, कोणी म्हणतो समुद्रगाईचे शेण, कोणी म्हणतो डिंक, कोणी म्हणतो माशाच्या आतड्यातून काढतात. स्वतः अबुल फजल मेणाच्या बाजूचा आहे. डोंगरावरच्या पोळ्यांतला मध समुद्रात वाहून जातो आणि मेण वर तरंगून उन्हाने घट्ट होते, असे त्याला वाटे. अंबर-ए-अशहब, म्हणजे पांढरट करडा अंबर, त्याने सर्वांत उत्तम मानला. दरही दिला आहे. तोळ्याला एक ते तीन मोहरा. त्याच यादीत कस्तुरीचा भाव तोळ्याला काही रुपयांत आहे. यावरून अंबरचे मोल लक्षात येईल.

गोव्यात राहणारा पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाचा वैद्य होता. मुंबई बेट त्याच्याकडे भाडेपट्ट्याने होते. १५६३ मध्ये गोव्यात छापलेल्या त्याच्या ग्रंथात अंबरवर एक पूर्ण संवाद आहे. देवमाशाशी असलेला संबंध त्याने मानला नाही. अंबर ही एक प्रकारची माती आहे, असे त्याचे म्हणणे.

आपल्या वैद्यकात काय होते? रसशास्त्राच्या संस्कृत ग्रंथांत 'अग्निजार' नावाचे द्रव्य येते. अग्निनक्र नावाच्या जलचराची वार समुद्र बाहेर फेकतो आणि ती उन्हात वाळते, असे त्याचे वर्णन. अभ्यासक याला अंबर मानतात. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे क्युरेटर परशुराम कृष्ण गोडे यांनी सुमारे इसवी सन ७०० ते १९०० या काळातील भारतातील अंबरचा इतिहास शोधून काढला. हा निबंध १९४९ मध्ये रसायनशास्त्राच्या इतिहासाला वाहिलेल्या 'कायमिया' या वार्षिकात आला. सुगंधशास्त्रावरचे 'गंधसार' आणि 'गंधवाद' हे ग्रंथ अभ्यासकांपुढे आणण्याचे श्रेयही गोड्यांचेच. यातल्या 'गंधवाद'वर जुन्या मराठीत टीका आहे. मराठीत अत्तरविद्येची परंपरा नाही, असे म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

वादाचा निकाल १८ व्या शतकात लागला. १७२४ मध्ये बोस्टनच्या बॉयलस्टन यांनी देवमाशाच्या पोटात अंबर सापडल्याचे लंडनच्या रॉयल सोसायटीला कळवले. १७८३ मध्ये डॉ. श्वेडियावर यांनी त्यात माकुळाच्या चोची असतात हे दाखवून आतड्याचे मूळ सिद्ध केले. गंमत अशी की ज्यांचे हात प्रत्यक्ष समुद्रात होते, त्या लोकांना हे फार आधी ठाऊक होते. झंज किनाऱ्यावरचे लोक मेलेल्या माशाला आकडे टाकून ओढतात आणि पोट फाडून अंबर काढतात, हे मसऊदीनेच लिहिले आहे. मार्को पोलोनेही सोकोत्राच्या संदर्भात देवमाशाच्या पोटातल्या अंबरची गोष्ट सांगितली होती. विद्वान तर्क करीत राहिले आणि मासेमाराचे ज्ञान तळटीपेत पडून राहिले. हे फक्त अंबरच्याच बाबतीत झाले असे नाही.

अंबर नावाची माणसे

आता या सुगंधाची काळी बाजू. हबशी गुलामांना त्यांचे मालक मौल्यवान वस्तूंची नावे देत. याकूत म्हणजे माणिक, काफूर म्हणजे कापूर, संदल म्हणजे चंदन, अंबर म्हणजे हा काळसर सुगंध. ज्या गलबतांतून या वस्तू येत, त्याच सागरी वाटांवरून ही माणसेही आणली जात. दोघांचाही भाव ठरे.

यातलाच एक मुलगा इथिओपियात 'चापू' या नावाने जन्मला. विकला गेला, पुन्हा विकला गेला. बगदादच्या एका मालकाने त्याला 'अंबर' हे नाव दिले. पुढे दख्खनमध्ये निजामशाहीचा पेशवा चंगेजखान याने त्याला विकत घेतले. तोच आपल्या इतिहासातला मलिक अंबर. त्याने निजामशाही पुन्हा उभी केली, मुघलांना वर्षानुवर्षे झुंजवले, १६२४ मध्ये भातवडीची लढाई जिंकली. खडकी शहर वसवले, जे पुढे औरंगाबाद आणि आता छत्रपती संभाजीनगर झाले. जमिनीच्या वर्गवारीवर आधारलेली त्याची महसूल पद्धत नावाजली गेली. शहराला पाणी देणाऱ्या खापरी नळांच्या कालव्याला आजही 'नहर-ए-अंबरी' म्हणतात. १६२६ मध्ये तो वारला. त्याची कबर खुलताबादला आहे.

विजापूरला त्याच काळात दुसऱ्या इब्राहिम आदिलशहासाठी निजामुद्दीन महमूद यांनी 'इत्र-ए-नौरसशाही' हा सुगंधावरचा ग्रंथ लिहिला. एका दरबारात अंबर कसा वापरावा याचा ग्रंथ लिहिला जात होता आणि शेजारच्या राज्यात अंबर नावाचा गुलाम कारभार चालवत होता. मालकाने वस्तूचे नाव माणसाला दिले आणि त्या माणसाने नावाची किंमत बदलून टाकली. आज महाराष्ट्रात 'अंबर' म्हटले की तोळ्याचा भाव आठवत नाही, मलिक अंबर आठवतो.

अत्तराच्या कुपीत काय असते

अत्तरात अंबरचे काम दुहेरी आहे. त्याला स्वतःचा वास आहे, पण त्याहून मोठा गुण म्हणजे तो इतर वास धरून ठेवतो. गुलाब, मोगरा यांचे सुगंध लवकर उडून जातात. अंबर त्यांना थांबवतो आणि उठाव देतो. ९ व्या शतकात अल-किंदी यांनी सुगंधांच्या शंभराहून अधिक कृती लिहून ठेवल्या. त्या काळचे सर्वांत प्रतिष्ठित मिश्रण 'गालिया'. मंद आचेवर अंबर विरघळवायचा, त्यात दळलेली कस्तुरी घालायची आणि बान झाडाच्या बियांच्या तेलात ते मुरवायचे. आपल्याकडे बानच्या जागी चंदनाचे तेल आले. युरोपात अंबर मद्यार्कात घालून महिनोन्‌महिने मुरत ठेवू लागले.

विसाव्या शतकात अंबरचे रहस्य प्रयोगशाळेत उलगडले. १९४६ मध्ये नोबेलविजेते लेओपोल्ड रुझिचका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अंबरमधल्या 'अँब्रीन' या मुख्य घटकाची रचना मांडली. अँब्रीनला स्वतःला जवळजवळ वास नसतो. ऊन आणि हवेने ते मोडते, तेव्हा त्यातून सुगंधी द्रव्ये निघतात. त्यातले महत्त्वाचे द्रव्य १९५० मध्ये स्विस रसायनशास्त्रज्ञांनी क्लॅरी सेज या वनस्पतीतल्या घटकापासून बनवले. तेव्हापासून जगभरच्या सुगंधांत अंबरचा जो वास येतो, तो बहुतेक कारखान्यातला असतो.

आपल्या बाजारातल्या 'अंबर' अत्तराची गोष्ट याहून वेगळी आहे. ते बहुधा राळ, लोबान आणि व्हॅनिला यांचे मिश्रण असते. कनौजचा शमामा तर मसाले, मुळ्या आणि दगडफूल यांच्यापासून काढतात. नावात अंबर आहे, कुपीत नाही. यात फसवणूक झाली असे मानायचे कारण नाही. वापरणाऱ्याला फक्त ठाऊक असावे, एवढेच. तारापूर औद्योगिक वसाहतीत रोज रसायनांशी काम करणाऱ्या आपल्या मुलांना तर हे सहज कळावे की दुर्मिळ वस्तूला पर्याय शोधणे हे रसायनशास्त्राचे जुने आणि मानाचे काम आहे. त्या पर्यायामुळे एक प्राणीही वाचतो. विसाव्या शतकात तेलासाठी सात लाखांहून अधिक स्पर्म व्हेल मारले गेले. १९८२ मध्ये आंतरराष्ट्रीय व्हेलिंग आयोगाने व्यापारी शिकारीवर बंदी ठरवली, तेव्हा कुठे ही कत्तल थांबली.

किनाऱ्यावर सापडला तर?

भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली स्पर्म व्हेल संरक्षित आहे. म्हणून त्याच्यापासून आलेला अंबर बाळगणे किंवा विकणे गुन्हा आहे, मग तो वाळूत पडलेला सापडला असला तरी. यात कैद होते. काही देशांत मात्र सापडलेला अंबर विकता येतो. २०२१ मध्ये येमेनच्या मच्छीमारांना मेलेल्या देवमाशाच्या पोटात १२७ किलो अंबर मिळाला आणि गावाचे दिवस पालटले, ही बातमी आपल्या मोबाइलवरही फिरली. पण २०२२ मध्ये केरळच्या विळिंजम इथल्या मच्छीमारांना समुद्रात २८ किलोंहून अधिक अंबर सापडला, तेव्हा त्यांनी तो सरकारच्या स्वाधीन केला. ही बातमी मात्र तितकी फिरली नाही.

तस्करीच्या या साखळीत पकडला जाणारा माणूस बहुधा शेवटचा असतो. पाच-दहा हजारांसाठी पिशवी पोहोचवणारा, गिऱ्हाईक शोधून देणारा, मध्यस्थ म्हणून फोन करणारा. कोट्यवधींचा आकडा बातमीत येतो, पोराच्या हातात येते ती कोर्टाची तारीख. घरच्यांना वकिलासाठी दागिने मोडावे लागतात. आपल्या मोहल्ल्यातल्या आणि कोळीवाड्यातल्या पालकांनी हे मुलांना स्पष्ट शब्दांत सांगायला हवे. किनाऱ्यावर असा गोळा दिसला तर वनखात्याला किंवा कांदळवन कक्षाला कळवावे. तिथेच विषय संपवावा.

सरकारकडेही एक मागणी करायला हरकत नाही. महाराष्ट्रात २०१८ पासून जाळ्यात अडकलेला संरक्षित सागरी प्राणी सोडण्यासाठी जाळे कापणाऱ्या मच्छीमाराला नुकसानभरपाई मिळते. ही योजना चांगली आहे, कारण तिने गरीब माणसाच्या प्रामाणिकपणाचा खर्च उचलला. तसेच अंबर स्वाधीन करणाऱ्यालाही काही इनाम ठरवावे. तो अंबर संशोधनाला किंवा संग्रहालयाला द्यावा.

इब्ने अब्बास (रजि.) यांनी अंबरला समुद्राने बाहेर टाकलेली वस्तू म्हटले होते. त्यांच्या काळात देवमासे मुबलक होते आणि तोळ्याच्या भावामागे तस्करांची टोळी नव्हती. आज परिस्थिती वेगळी आहे, म्हणून कायदाही वेगळा आहे आणि तो पाळणे आपले कर्तव्य आहे. अंबरमधून आपल्याला जे कायदेशीर मिळू शकते ते आपल्या हक्काचेच आहे. हदीसमधली ती तीनशे भुकेली माणसे, चिंचणीच्या ताम्रपटातला मुहम्मद, खडकीचे पाणी आणि गोड्यांनी पुण्यात बसून शोधलेली बाराशे वर्षे. ही दौलत बाळगायला परवाना लागत नाही, आणि ती मुलांना वाटून दिली तरी कमी होत नाही.